सात सेहेचाळीसला वाचलं

४ ऑगस्ट २००२, रविवार

वाचलीस ना? मग आता पुढचंपण वाच. नाही, वही खाली ठेवायची नाही. आणि "मी हातपण लावला नाही आपा" हे तुझं नेहमीचं नको. काल वही मिटताना मी मधल्या पानावर काथ्याचा एक तंतू ठेवला होता, ओळींना आडवा. आज तो ओळींबरोबर झोपलाय. तंतू आपला आपण कूस बदलत नाही, आफरीन. बारावीला फिजिक्स आहे ना तुला?

हे तंतूचं मला साकिबने शिकवलं. वहीसाठी नाही, मशीनसाठी. तो म्हणायचा, कोणी येऊन गेलं का ते कुलपावरून कळत नाही, आत काय हललंय त्यावरून कळतं.

साकिब कोण ते तुला माहीत आहे. पण मी लेखक आहे (तीन मासिकांनी साभार परत पाठवलेली), आणि वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही असं धरून लिहायचं असतं. म्हणून लिहिते. एस.टी. स्टँडच्या मागे कमळाताईंचं सायबर कॅफे आहे. सहा मशीनं गिऱ्हाइकांची आणि कोपऱ्यात एक मधलं मशीन, ज्याच्यातून बाकीच्या सहांना इंटरनेट मिळतं. ते मधलं मशीन साकिबने बसवलं. मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीवरून, स्वतः शिकून. मी काउंटरवर. दोन वर्षं. मग ११ एप्रिलला तो शारजाला गेला. बस.

मशीनमध्ये शेकडो प्रोग्रॅम असतात. फाइलींची यादी दाखवणारा एक, पासवर्ड विचारून आत घेणारा एक, असे. घुसणारा माणूस काय करतो, तर हेच प्रोग्रॅम काढून तसेच दिसणारे स्वतःचे ठेवतो. मग यादी दाखवणारा यादी दाखवतो, पण घुसणाऱ्याच्या फाइली सोडून. म्हणून साकिबने एकोणचाळीस महत्त्वाच्या प्रोग्रॅमची खूण काढून ठेवली. खूण म्हणजे आकडे आणि ए ते एफ अक्षरांची एक लांब माळ. प्रोग्रॅममध्ये एक टिंब बदललं तरी अख्खी माळ बदलते. ही यादी त्याने कागदावर छापली आणि कागद मशीनजवळ ठेवला नाही, माझ्याकडे दिला. कागदात तारेतून कोणी घुसू शकत नाही म्हणाला.

दर रविवारी दुपारी आम्ही ताळा बघायचो. तो जुन्या कागदावरून वाचायचा, मी नव्यावरून परत म्हणायचे. पावसात पत्र्याखाली बी, डी, ई सगळं सारखंच ऐकू येतं, म्हणून मी त्याला अब्बांचे जहाजावरचे शब्द शिकवले. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट. मोजून सहाच लागतात.

"सात चार फॉक्सट्रॉट एको."

"सात चार फॉक्सट्रॉट एको."

जगात याच्याहून जवळ कोणी कोणाशी बोललं असेल असं मला वाटत नाही. हस आता.

तो गेल्यापासून मी एकटीच वाचते. स्वतःच म्हणते, स्वतःच परत म्हणते. सतरा रविवार झाले. कोणी परत म्हणणारं नसलं की आकडे नुसते आकडे राहतात.

रात्री जेवताना आफरीनला सरळ विचारलं. ती म्हणाली, "तुझी वही? मागे एकदा उघडली होती. दोन पानांत झोप आली. क्रियापद कुठे गेलंय तेच सापडत नव्हतं."

अब्बा ताटात बघून हसले.

५ ऑगस्ट, सोमवार

तंतू परत लावलाय.

साकिबचं पत्र नाही. मे महिन्यात एक आलं होतं, तीन ओळींचं. "इथे खूप गरम आहे. रूमवर आठ जण आहोत. पैसे साठले की नीट बोलू." नीट म्हणजे कसं, ते लिहिलं नव्हतं. जाताना म्हणाला होता, परत आलो की आंजर्ल्याला जाऊ, कड्यावरून समुद्र दाखवतो. मी म्हटलं, मी रत्नागिरीची आहे, मला समुद्र काय दाखवतोस. तो म्हणाला, वरून नाही बघितलास.

पण मशीन त्याला विसरलेलं नाही. लाइन जोडली की ते स्वतःचा त्या दिवसाचा पत्ता त्याला मेल करतं, रोज, आपोआप. त्यानेच तसं ठेवून दिलंय, म्हणजे कधी काही बिघडलं तर तिकडूनच आत येऊन दुरुस्त करता येईल. पत्ता रोज बदलतो ना, म्हणून. मला बरं वाटतं याचं. आमच्यातलं कोणीतरी त्याला रोज लिहितं.

पावणेआठला मशीन घरघरायला लागतं, सगळ्यांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतं. ते थांबलं की मी शटर ओढते.

११ ऑगस्ट, रविवार

आज काय झालं ते नीट क्रमाने लिहायला पाहिजे.

जुना कागद अब्बांच्या ट्रंकेत असतो, त्यांच्या जहाजाच्या सर्टिफिकेटांच्या नळीत. मी काढायला गेले तर अब्बा म्हणाले, "तू एकटीच काय पुटपुटतेस गो दर रविवारी? दे इकडे तो कागद. मी वाचतो, तू परत म्हण."

मी बघतच राहिले. अब्बा सत्तावीस वर्षं जहाजावर सुकाणी होते. सुकाण त्यांच्या हातात, हुकूम कप्तानाचा. कप्तान म्हणणार "पोर्ट टेन", की सुकाण्याने मोठ्याने परत म्हणायचं "पोर्ट टेन, सर", आणि मग चाक फिरवायचं. परत न म्हणता फिरवलं तर शिव्या. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी चार महिने मी त्यांना विचारलं नव्हतं.

नवी यादी मी काल कॅफेत छापून आणली होती. अब्बांनी चष्मा पुसला, आणि आवाज एकदम ताठ झाला. जहाजावरचा असावा.

"नंबर एक. तीन डेल्टा नऊ ब्राव्हो."

"तीन डेल्टा नऊ ब्राव्हो."

अकरा नंबरपर्यंत ठीक. बारावा, यादी दाखवणारा प्रोग्रॅम. अब्बा म्हणाले, "आठ आठ चार्ली एक." माझ्या कागदावर दुसरंच काहीतरी. मी गप्प. अब्बांनी परत म्हटलं. मी परत गप्प.

"परत म्हण गो."

"नाही जुळत."

एकूण तीन नाही जुळले. तो एक, कोणकोण काम करतंय ते दाखवणारा एक, आणि तिसरा, पासवर्ड विचारून आत घेणारा. दार.

"म्हणजे काय झालं?" अब्बांनी विचारलं.

"काही नाही. नवीन आवृत्ती घातली असेल."

खोटं होतं. आवृत्ती घालायची असती तर मीच घातली असती, आणि मला ती घालता येत नाही. पण त्या क्षणी मला भीती वाटली नाही, हे मी इथे खरं लिहून ठेवते. मनात एकच आलं. रोजचा पत्ता कोणाकडे जातो? दार कोणाला माहीत आहे?

तो आलाय.

१२ ऑगस्ट, सोमवार

साकिबचा जुना फोल्डर मशीनमध्ये अजून आहे. आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्यात एक फाइल ठेवली. नाव: परतम्हण. आत एकच ओळ. "दार बदललंस, मला कळलं. आलायस तर काहीतरी म्हण."

नियमाप्रमाणे मी काय करायला हवं ते मला माहीत आहे. त्यानेच शिकवलंय. तीन जुळले नाहीत तर मालकाला सांगायचं, तार काढायची, मशीन पुसायचं, सीडीवरून सगळं नव्याने. आणि नवं दार म्हणजे नवी किल्ली. मग तो आत कसा येणार?

कमळाताईंना नाही सांगितलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

वाचलं! त्याने वाचलं!

फाइल शेवटची कधी उघडली गेली ते मशीन सांगतं. मी काल दुपारी लिहिली, आणि उघडली गेली संध्याकाळी सात सेहेचाळीसला. त्या वेळी मी झाडू मारत होते. कॅफेत कोणी नव्हतं. शारजात तेव्हा सव्वासहा. कामावरून सुटला असणार, कुठल्यातरी कॅफेत बसला असणार माझ्यासारख्याच कोणाच्या काउंटरसमोर, आणि मी पाच हातांवर झाडू घेऊन उभी.

उत्तर ठेवलं नाही. पण तो तसाच. बोलायचं असलं की आधी दोन दिवस गप्प.

आज मोठं लिहिलं. एक पूर्ण पान. क्रियापदांसकट.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

रोज सात सेहेचाळीस. कधी एखादा मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. वेळेचा इतका पक्का तो इथे असताना कधी नव्हता. परदेशात माणूस सुधारतो म्हणतात.

मी आता रोज लिहिते त्याला. वहीपेक्षा तिथेच जास्त. मिरकरवाड्यातल्या बंदरावरचं, कमळाताईंच्या गिऱ्हाइकांशी होणाऱ्या भांडणांचं, माझ्या नव्या गोष्टीचं, जिच्यात फक्त उत्तरं आहेत आणि प्रश्न वाचणाऱ्याने घालायचे आहेत. कोणीतरी वाचतंय हे माहीत असलं की हात कसा चालतो! आजवर मला कोणी रोज वाचलेलं नाही.

आफरीन काल मावशीकडे राजापूरला गेली, बुधवारी येईल. खोली माझी एकटीची.

१८ ऑगस्ट, रविवार

तंतू हलला होता. आफरीन राजापुरात आहे. पंख्याचा वारा असेल.

आज परत अब्बांबरोबर ताळा बघितला. तेच तीन नाहीत जुळत. कागदाची घडी घालताना अब्बा म्हणाले, "जहाजात पाणी दिसलं ना, तर आधी वर सांगायचं. कुठून शिरलं ते मग बघता येतं."

"हे जहाज नाही अब्बा."

"नाय. पण माणसं बसलेली आहेत ना तुझ्यातपण."

मग जरा वेळाने, काही संबंध नसताना, "आंजर्ल्याला जाऊया काय गो एकदा? कड्यावरून समुद्र छान दिसतो म्हणतात."

मला इतकं हसू आलं. सत्तावीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला समुद्र बघायला जायचंय. आणि नेमकं आंजर्लंच कसं सुचलं यांना.

२२ ऑगस्ट, गुरुवार

नारळी पौर्णिमा. बंदरावर गर्दी, कॅफेत शुकशुकाट. कुलसुमचाची मात्र आल्या. त्या दर गुरुवारी येतात, राजिवड्याहून चालत. मुलगा अक्रम कुवेतला. चाचींना वाचता येत नाही. मी त्यांचं मेल उघडते, वाचून दाखवते, त्या सांगतात ते टाइप करते. "लिही, घोळ माशाचं कालवण केलं होतं नि तुझी आठवण आली." मी लिहिते. "आता लिही, आठवण आली नाही, कालवण खारट झालं होतं." तेपण लिहिते.

आज पासवर्ड चालेना. चार वेळा घातला. पासवर्ड चुकीचा आहे, चुकीचा आहे. चाचींचा पासवर्ड मीच ठेवलेला, चुकेल कसा?

"कंपनीकडे काहीतरी झालं असेल चाची. पुढच्या गुरुवारी बघू."

"तू म्हणतेस तर बघू गो," म्हणाल्या. छत्री झटकली आणि गेल्या.

हे साकिबने नाही केलं. तो का करेल? त्याचा काय संबंध कुलसुमचाचींशी?

सात सेहेचाळीस. वाचलंय त्याने.

२९ ऑगस्ट, गुरुवार

नाही चाललं. दुसरं खातं उघडून देता येईल, दहा मिनिटांचं काम. पण नव्या खात्याचा पासवर्डपण त्याच मशीनमधून जाणार. हे मी मनातल्या मनात म्हटलं आणि मग हे मी का म्हटलं, याच्याकडे लक्ष दिलं नाही.

साकिबला आज सरळ विचारलं, फाइलीत. "चाचींच्या खात्याला तू हात लावलास? नाही तर कोणी लावला? तू आत असतोस, तुला दिसत असेल. एक शब्द लिही. हो किंवा नाही."

३० ऑगस्ट, शुक्रवार

सात सेहेचाळीसला वाचलं. एक शब्द नाही लिहिला.

५ सप्टेंबर, गुरुवार

कुलसुमचाचींनी अक्रमला फोन लावला होता एसटीडीवरून. तो उलटा रुसला. म्हणे दर आठवड्याला लिहितोय, आई, तूच बंद केलंस. आणि त्याच्या मुलीचे फोटो, तिच्या जन्मापासूनचे, चाचींनी फक्त आमच्या तीन नंबरच्या मशीनवर बघितलेत. सगळे त्या खात्यात.

"छापून ठेवायला हवे होते काय?" मला विचारत होत्या. "मला काय माहीत गो. मला वाटलं, तुझ्याकडे आहेत म्हणजे आहेत. तुझ्या हातून जातं म्हणून मी निवांत असते."

कमळाताईंनी ऐकलं. "काय झालंय त्या खात्याला? तू बघितलंस का नीट?"

"बघतेय."

"दोन आठवडे बघतेयस? अगं मेली, नजर लागेल त्याला."

मी हसले. मला माझाच राग आला तेव्हा, पण हसले.

९ सप्टेंबर, सोमवार

उद्या गणपती. कमळाताई वेळणेश्वरला गेल्या माहेरी, पाच दिवसांसाठी. किल्ल्या माझ्याकडे. जाताना म्हणाल्या, "उघडलंस नाही तरी चालेल. कोण चाकरमानी मोदक सोडून मेल बघायला येतोय?"

१० सप्टेंबर, मंगळवार

उघडलं. शटर अर्धं वर ठेवून. बाहेरून ढोल, गुलाल, आणि मी आत.

टेलिफोनची तार काढली. साकिबची सीडी घातली आणि मशीन त्या सीडीवरून चालू केलं, म्हणजे खोटे प्रोग्रॅम झोपलेलेच राहतात आणि सीडीवरचे खरे डिस्ककडे बघतात. हेपण त्यानेच शिकवलेलं. हे मी ११ ऑगस्टलाच करू शकले असते. करायचं नव्हतं.

खऱ्या यादीत एक फोल्डर जास्त होता. नाव काहीच नाही, नुसती तीन टिंबं. आत एक लांबलचक फाइल. नाव, पासवर्ड, नाव, पासवर्ड. तेवीस गिऱ्हाइकांचे, आणि माझा. कुलसुमचाची सातव्या. मी स्वतः अकरावी. मध्ये मध्ये घुसणाऱ्याच्या कसल्यातरी नोंदी, मला न कळणाऱ्या भाषेत. मराठी नाही, उर्दू नाही, अरबीपण नाही. मी प्रत्येक ओळ वाचली. न कळणारी भाषा तीन वेळा वाचली. त्यात कुठे माझं नाव, "उमैमा", असेल म्हणून.

नव्हतं. याला मी माहीतपण नाही. याला रत्नागिरी माहीत नसेल. कोणीतरी दारं ढकलत चालला होता, आमचं ढकललं, उघडलं.

मग सात सेहेचाळीस कोण?

हे कळायला मला एक मिनिटही लागलं नाही, हेच वाईट आहे. पावणेआठला मशीन फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवतं. उतरवायच्या तर उघडायला लागतात. ए अक्षरापासून सुरू करून एसपर्यंत, साकिबच्या फोल्डरपर्यंत यायला त्याला एक मिनिट लागतं. रोज, न चुकता. शेजारी झाडू घेऊन मीच उभी असायचे. घरघर मला ऐकू येत होती.

चार आठवडे मला मशीन वाचत होतं.

अजून एक. मी आत शिरले की मशीन नेहमी म्हणतं, "तुमच्यासाठी पत्र आहे." मी कधी बघितलं नाही. साकिब म्हणाला होता, ते मशीनचं आपलं आपल्याशी बोलणं असतं, सोडून दे. आज बघितलं. चौऱ्याण्णव पत्रं, लाइन बंद होती ते दिवस सोडून रोजचं एक. सगळी सारखी, परत आलेली. रोजचा पत्ता साकिबला गेला आणि तिकडून परत आला. घेणाऱ्याची पेटी भरली आहे. घेणाऱ्याची पेटी भरली आहे. पहिलं २ जूनचं.

जूनपासून त्याने ती पेटी उघडलेली नाही. उघडून एक जरी पुसलं असतं तरी दुसऱ्याला जागा झाली असती.

शटर ओढून घरी आले. वाटेत कोणीतरी प्रसाद हातावर ठेवला. खाल्ला.

१२ सप्टेंबर, गुरुवार

दोन दिवस अंथरुणात. ताप नाही. आफरीन कपाळाला हात लावून जाते. मी तिच्यावर आरोप केलाय हे मी विसरले नाही.

दुपारी अब्बा ट्रंक घेऊन माझ्या खाटेजवळ बसले. मला वाटलं, कागद काढणार. त्यांनी नळीच्या खालून एक पुडकं काढलं, सुतळीने बांधलेलं.

"तुझ्या अम्मीची पत्रं," म्हणाले. "बंदराला लागलो की एजंट गठ्ठाच द्यायचा. सहा, आठ, दहा एकदम."

मला वाटलं, आता हे मला वाट बघण्याबद्दल काहीतरी गोड सांगणार. अम्मीला जाऊन चार वर्षं झाली, या घरात तिच्याबद्दल गोडच बोलतात.

"मी सगळी वाचली नाहीत."

मी उठून बसले.

"काय होतं, पहिल्या दोन-तीनांत सगळं कळायचं. विहिरीचं, तुझ्या दातांचं, पागोळ्यांचं. मग वाटायचं, उद्या वाचू. उद्या जहाज सुटायचं. मग वाटायचं, आता जुनी झाली, पुढच्या बंदरात नवी येतील." त्यांनी पुडकं उलटं केलं. खालची सात पाकिटं बंद होती. वरचं तिकीट, आतला डिंक, जसं अम्मीने चिकटवलं तसं. "वाईट नव्हतं गो मनात काही. मी तिला विसरलो नव्हतो. गेलेल्या माणसाला वाटतं, घर आहे तिथेच आहे, जाईल कुठे. ती विचारायची, अमकं लिहिलं होतं ते पोचलं काय? मी म्हणायचो, पोचलं."

"आणि तिला कळलं नाही?"

"तुला कळलं की नाही?"

मी भिंतीकडे तोंड केलं. मी त्यांना साकिबचं काही सांगितलेलं नाही, कधीच. मग हे असं कसं बोलले, हा प्रश्न रात्री जाऊन पडला.

१५ सप्टेंबर, रविवार

कमळाताई आल्या. बॅग खाली ठेवायच्या आत सांगितलं. सगळं नाही, साकिबचं नाही. पाच आठवडे मला माहीत होतं, एवढं.

त्यांनी मला काढून टाकलं असतं तर सोपं झालं असतं. आधी खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "तेवीस जण ना? तेवीस घरी जायचं. तू. फोनवर नाही, तोंडावर. सांगायचं, तुमचा पासवर्ड चोरीला गेला आणि मी गप्प बसले. मग नवा काढून द्यायचा." आणि थोड्या वेळाने, "तो पोरगा आहे तरी कुठे, साकिब?"

"माहीत नाही."

"मला वाटलंच," एवढंच म्हणाल्या.

दुपारभर बसून मशीन पुसलं. त्याचा फोल्डर, माझी फाइल, एकोणतीस दिवसांचं लिहिलेलं. प्रत ठेवली नाही. दुसरी डिस्कपण पुसली. नवं घातलं, नवी यादी छापली. आता फक्त माझी किल्ली.

आज वहीत मुद्दाम एक गोष्ट लिहून ठेवते: मला फार दिवसांत कुळथाची पिठी खावीशी वाटतेय.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अब्बांनी आज कुळथाची पिठी केली.

मला कुळथाची पिठी लहानपणापासून आवडत नाही. या घरात सगळ्यांना माहीत आहे. आफरीन ओरडली, "अब्बा, आपा खात नाही ती!" अब्बा म्हणाले, "आज खाईल." आणि पळी घेऊन माझ्या ताटाकडे बघत उभे राहिले, तोंडावर काही नाही, सुकाणावर असल्यासारखे.

सगळी खाल्ली. दुसऱ्यांदा मागून घेतली. आफरीनची माफी मागितली. कशाबद्दल ते सांगितलं नाही, ती म्हणाली, "तुझं डोकं फिरलंय, पण चालेल."

१९ सप्टेंबर, गुरुवार

अब्बा,

तंतू काढून टाकलाय. आजपासून लावणार नाही. तुम्ही उगाच तो बोटाने परत ठेवत बसायचात, आणि दर वेळी चुकीच्या दिशेने. सुकाण्याला दिशा चुकते हे तुमच्या कप्तानाला सांगायला हवं.

मी चिडलेय. हे आधी वाचा. कोणाची वही अशी वाचत नाहीत. मी चार आठवडे एका मशीनला लिहीत होते आणि इथे खाटेखालच्या वहीत मला खरोखर कोणीतरी वाचत होतं, क्रियापदं नसलेलीपण पानं. मला हे सांगायचं नाही का? "परत म्हण गो" म्हणता, आणि स्वतः एकदापण परत म्हटलं नाहीत.

साकिबची आठवण येते. हे पुसलं गेलं नाही. रविवारी दुपारी पत्रा वाजला की कान तिकडे जातो. पेटी भरलीय त्याची, मला माहीत आहे, तरी जातो. तुम्हाला हे विचारायचंच होतं ना, म्हणून लिहिलं.

आता अट. ही वही यापुढे उघडी ठेवीन, टेबलावर, सगळ्यांसमोर. वाचा. पण आधी ट्रंकेतली ती सात पाकिटं. जुनी झाली, डिंक सुटला असेल, काहीही असो. तिने लिहिलेलं पोचायला पाहिजे. चष्मा पुसा, मोठ्याने वाचा, आणि घरात कोणी नसलं तरी तिची प्रत्येक ओळ परत म्हणा. सातही. मग माझं.

तेविसातली बावीस घरं झाली. काहींनी चहा दिला, काहींनी दारातूनच घालवलं. शेवटचं राजिवड्यात, कुलसुमचाचींचं. आज गुरुवार आहे, त्या कॅफेत चालत यायच्या आत मला तिथे पोचायचंय. चाचींचं नवं खातं उघडून मी अक्रमला कळवलं, त्याने मुलीचे फोटो परत पाठवलेत त्याच्यावर. मी छापून घेतलेत, चार आहेत. बाकीचे गेले. ते कसे गेले ते मलाच सांगायचंय, आणि फोटो हातात द्यायच्या आधी सांगायचंय.

तुम्ही नमाजाहून यायची वेळ झाली. आलात की म्हणाल, "हे बघ गो पोरी," आणि मग मी जायची नाही.

फाटक वाजलं. मी मागच्या दाराने निघाले.